वाकडी मिशी

एक आधीच सांगून ठेवते. 'पूर्वीची मजा राहिली नाही' असं म्हणत सुस्कारे टाकणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. पूर्वी तरी यांनी कुठे दिवे लावले होते? त्यामुळे आमचा कार्यक्रम अजून हसवतो की नाही, यावर कुणी तोंड उघडलं की मी आधी त्याच्या अंगावर धावून जायचे. मग घरी येऊन गुपचूप विचार करत बसायचे. असं बरीच वर्षं चाललं.

मी मेकअप करते. टीव्हीवर दर आठवड्याला 'बघा बुवा!' नावाचा विनोदी कार्यक्रम लागतो, त्याचं शूटिंग दर गुरुवारी असतं, त्यात बावीस वर्षं मी एकाच खुर्चीमागे उभी आहे. त्या खुर्चीत बसतात मामा. त्यांचं खरं नाव त्यांच्या बँकेला माहीत असेल. बाकी सगळ्यांना, दिग्दर्शकापासून टॅक्सीवाल्यापर्यंत, ते मामाच. कार्यक्रमात चार-पाच स्किटं असतात आणि शेवटचं कायम त्यांचं. एक मामा सुटकेस घेऊन बहिणीच्या घरी येतो, दारातच म्हणतो, "दोनच दिवस, ताई!" आणि राहतो बावीस वर्षं. बहीण दर आठवड्याला त्याला घालवायला बघते, तो दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून राहतो. बहिणीचा नवरा, म्हणजे भाऊजी, कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला असतो. बावीस वर्षांत त्याला एक वाक्य नाही. फार तर पेपर जरा खाली घेतो, मामांकडे बघतो, पुन्हा वर करतो. एवढंच. पण लोक याच्यावर जीव टाकायचे.

मामांना मिशी नाही. पहिल्या दिवशी चिकटवायची मिशी आणली, तर गोंदाने त्यांचा ओठ असा सुजला की संवाद सोडा, चहासुद्धा पिता येईना. पुढच्या गुरुवारी मी पेन्सिलीने काढायला घेतली. शूटिंगला दहा मिनिटं उरलेली, मी श्वास रोखून काढतेय, आणि हा माणूस गप्प बसेल तर शपथ! स्वतःशी संवाद पुटपुटत होता, मध्येच काहीतरी नवीन सुचलं, ते मोठ्याने बोलला, आणि मला आलं हसू. हात उडाला. मिशीची डावी बाजू जागेवर, उजवी गालावर चढलेली. पुसायला वेळ नव्हता. तसेच गेले सेटवर, आणि प्रेक्षक त्यांना नुसते बघूनच हसत सुटले.

तेव्हापासून आमचा कायदा ठरला. मिशी सगळ्यात शेवटी काढायची. मी काढत असताना मामांनी त्या आठवड्याचं स्किट म्हणून दाखवायचं. मी हसायचं नाही, दात आवळून हात स्थिर ठेवायचा. तरीही मिशी वाकडी झाली तर स्किट पास. सरळ आली तर नापास. मग मामा तोंड धुणार, खुर्चीतच बसून पानं फाडणार, नवीन लिहिणार, आणि बाहेर अख्खं युनिट माझ्या नावाने बोटं मोडत बसणार. पहिल्या चार वर्षांत तीनदा असं झालं. दिग्दर्शकाने माझे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. "अहो, हसा की जरा," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही हसवा, मी हसते." त्या दिवसापासून मामा मला मास्तरीण म्हणायला लागले.

लोकांना वाटायचं, वाकडी मिशी ही मामांची युक्ती. आज कुठून वाकडी येणार, यावर घरोघरी पैजा लागायच्या म्हणे. आमचं युनिट आणि माझं घर सोडलं तर कुणाला ठाऊक नव्हतं की ती मिशी म्हणजे माझं हसू आहे.

आता या वर्षी काय झालं ते सांगते. वर्धापनदिनाचा भाग महिन्यावर आला होता. चॅनेलच्या मॅडम मेकअप रूममध्ये आल्या, हातात कागद. चांगली बाई आहे, उगाच बोलू नये, पण तिला बसायला सांगितलं तरी ती उभीच राहते. म्हणाली, "मामा, स्पष्ट बोलते. लोक बघतात, पण हसतात का, ते आम्हाला कळेनासं झालंय. नेटवर विचारतात, हे अजून चालू आहे का? तुम्ही म्हणत असाल तर पाच वर्षांचा करार पुढे करू. नाहीतर वर्धापनदिनाला मानाने निरोप घेऊ. निर्णय तुमचा."

माझ्या तर डोक्यात अशी तिडीक गेली! हिला शाळेत घालायच्या आधीपासून आम्ही लोकांना हसवतोय. पण मामा शांतपणे म्हणाले, "निर्णय माझा नाही. त्या दिवशी मिशी वाकडी आली तर सही करतो. सरळ आली तर नाही." मॅडमना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. त्या हसल्या आणि गेल्या.

मला मात्र हसू आलं नाही. कारण सहा वर्षं ती मिशी मी मुद्दाम वाकडी काढत होते.

मामी गेल्या त्या वर्षाची गोष्ट. महिन्याभराने मामा कामावर परत आले. गाल बसलेले, शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. मी आधी ते नीट केलं. मग मिशी काढायला घेतली आणि त्यांनी स्किट म्हणून दाखवलं. काही म्हणजे काही हसू आलं नाही. रेघ सरळ ओढली गेली, आणि मामांनी आरशात ती बघितली. तो चेहरा मी विसरणार नाही. माणूस खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाला. मी म्हटलं, "अजून टोक राहिलंय," आणि टोकाशी हात हलवला. "अगंबाई, बघा, हसवलंतच शेवटी!" मामा गेले सेटवर, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, एवढा एकच गुरुवार.

मग पुढचा गुरुवार आला, त्याच्या पुढचाही आला. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या वेळी खरं हसू येईल. स्किटं वाईट नसायची हो. सगळं जागच्या जागी असायचं. पण पुढचं वाक्य मला आधीच ऐकू यायचं. प्रेक्षकांचंही तेच. दाराबाहेर सुटकेस टेकल्याचा आवाज झाला की ते हसायला लागायचे, मामा अजून आत आलेलेसुद्धा नसायचे! त्यांना हसू मामांचं येत होतं की आपल्याला पुढचं माहीत आहे याचं, देव जाणे. आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला मला एकदा म्हणाला, "बघतो ना, बाई, रोज जुने भाग लावतो जेवताना. हसायला म्हणून असं नाही, पण तो आवाज घरात असला की बरं वाटतं." मी त्याच्याशी भांडले. घरी आल्यावर वाटलं, एवढं चांगलं आजवर आमच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं, आणि एवढं वाईटही.

माझी मुलगी शाळेत गणित शिकवते. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ती पाळण्यात होती. रविवारी सकाळी मी कपाटातून अल्बम काढून जेवायच्या टेबलावर पसरले होते. शूटिंगचा एखादा तुकडा परत करावा लागला तर मिशी तशीच्या तशी काढता यावी म्हणून मी दर गुरुवारी तिचा फोटो काढून ठेवते. हजाराच्या वर फोटो झाले असतील. वर्धापनदिनाला त्यातले थोडे पडद्यावर दाखवायचे होते. मुलगी चहा पीत पीत ते तारखेप्रमाणे लावायला लागली.

"आई," ती म्हणाली, "तुला खरंच हसू येतं का गं अजून?"

"न यायला काय झालं?"

"मग हे बघ." तिने दोन रांगा केल्या होत्या. "ही पहिली सोळा वर्षं. कधी डावीकडे, कधी मधेच, एकदा तर थेट नाकावर. पण प्रत्येक वेळी रेघ वर उडालीय. आणि ही गेली सहा वर्षं. कायम उजवं टोक, कायम खाली, आणि वाकडेपणाही तेवढाच. आई, हे हसणं नाही. ही सही आहे."

चोरी पकडली गेली की माझा आवाज चढतो. "तुझं गणित शाळेत ठेव," मी म्हटलं. मग म्हटलं, "मामांना काय कळतंय! पुरुषांना समोरच्या भिंतीचा रंग बदललेला कळत नाही."

"आई, भिंत नाही, तोंड आहे. त्यांचं स्वतःचं. दर गुरुवारी आरशात बघतात."

मी फोटो गोळा केले. अल्बम उचलले आणि भाजी चिरायला घेतली. नको तेवढी चिरली.

पुढचे चार दिवस मी एकच हिशोब करत होते. सही झाली असती तर मामा आणखी पाच वर्षं त्या दारातून आत आले असते, आणि लोक सुटकेसला हसले असते. माणूस सहासष्ट वर्षांचा, गुडघे बोलायला लागलेत. चारचौघांत त्याचं हसं होत जाणार आणि त्याला खुर्चीतून उठवून पाठवणारी मी. बरं, सरळ काढावी, तर बावीस वर्षांच्या कार्यक्रमाचा गळा माझ्या पेन्सिलीने कापला जाणार. आणि खरं सांगू? मला माझीही काळजी होतीच. दुसरं काम मिळेल, हातात कला आहे. पण गुरुवारी सकाळी त्या खुर्चीमागे उभं राहायचं नाही म्हणजे काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. याची मला लाज वाटली, पण वाटायचं ते वाटलंच.

वर्धापनदिनाचा गुरुवार आला. मामा वेळेवर आले, टॉवेल गळ्याभोवती घेतला, खुर्चीत बसले. चॅनेलच्या मॅडम दाराशी डोकावून गेल्या. कागद त्यांच्या फाईलमधून बाहेर आलेला दिसत होता. मी रंग लावला, भुवया केल्या, पावडर मारली. उगाच दोनदा मारली. शेवटी पेन्सिल घेतली.

"करू सुरुवात, मास्तरीणबाई?"

"करा."

त्यांनी स्किट म्हणायला सुरुवात केली. बहीण घराचं कुलूप बदलते आणि मामा आतच असतो, असं काहीतरी. मेहनत घेतली होती, दिसत होतं. बहिणीचा आवाज काढला, स्वतःचा काढला, भाऊजींच्या पेपरचा खस्स आवाजही काढला. मी डावीकडून मध्यापर्यंत आले. मनातल्या मनात देवाला म्हणत होते, येऊ दे रे, एकदाच येऊ दे. नाही आलं. उजव्या टोकाला पोचले. नेहमी जिथे हात हलवायचे तिथे पेन्सिल थांबली. मी हात हलवला नाही. रेघ पूर्ण केली आणि मागे सरकले.

मामांनी आरशात बघितलं.

"सहा वर्षांनी सरळ आली," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तोंड माझं आहे, बाई."

अस्सा राग आला मला! "मग बोलला का नाहीत? सहा वर्षं मी मारे समजतेय की मी मामांना मामा बनवतेय, आणि तुम्ही आरशात बसून माझीच मजा बघत होतात?"

"मजा नाही गं," मामा म्हणाले. टॉवेलचं टोक बोटाभोवती गुंडाळत होते. "पहिल्या दिवशी बोलणारच होतो. पण त्या दिवशी तू ते टोक हलवलं नसतंस तर मी सेटवर गेलो नसतो. कुठे गेलो असतो कोण जाणे. तुझे उपकार आहेत ते."

"आणि नंतर?"

"नंतर दर गुरुवारी घरून निघताना वाटायचं, आज हिची खरी वाकडी करून दाखवतो. बघतोच कशी हसत नाही. त्याच्यासाठी तर लिहीत होतो. नाहीतर लोक काय, सुटकेसलाही हसतात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. सहा वर्षांचे गुरुवार मोजा. तितक्या वेळा हा माणूस माझ्यापुढे हरला होता, तितक्या वेळा मी त्याला जिंकलास म्हणून सांगितलं होतं, आणि तो ते ऐकून हसतमुखाने कामाला गेला होता. मी त्याच्यावर दया करत होते आणि तो बिचारा माझं तोंड बघत होता. मला रडूबाई आवडत नाहीत, पण त्या दिवशी मी रडले. नाक टिशूने पुसलं, त्यावरची सगळी पावडर माझ्या तोंडाला लागली.

"वेळ आहे अजून," मी म्हटलं. "तोंड धुवा, फाडा पानं, लिहा दुसरं. दिग्दर्शक बसेल बोटं मोडत."

"नको. सरळच असू दे आज." मामा उठले. कोपऱ्यातली सुटकेस घेतली आणि गेले.

मी त्यांच्या मागोमाग सेटच्या बाजूला जाऊन उभी राहिले, तिथून सगळं दिसतं. रंग पुसला गेला तर नीट करायला धावावं लागतं, म्हणून पेन्सिल माझ्या हातातच असते. अंगावर कामाचा पांढरा एप्रन, लांब बाह्यांचा. सुटकेस टेकल्याचा आवाज झाला आणि अपेक्षेप्रमाणे प्रेक्षक हसले. मामा आत आले, "दोनच दिवस, ताई!" म्हणाले. मग पुढच्या रांगांमध्ये कुजबूज झाली. मिशी सरळ कशी? कुणीतरी बोट दाखवलं.

पाच मिनिटं लिहिल्याप्रमाणे चाललं. कुलूप, किल्ली, सगळं. लोक जागच्या जागी हसत होते. आणि मग एका वाक्यानंतर मामा थांबले. सुटकेस उचलली.

"ताई," ते म्हणाले, "दोन दिवस झाले गं. निघतो मी."

हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. बहिणीचं काम करणारी बाई बावीस वर्षं 'आता जाणार कधी?' एवढंच म्हणत आलेली, तिला पुढचा शब्द सुचेना. प्रेक्षक हसायला लागले आणि मध्येच थांबले. अशी शांतता त्या हॉलमध्ये मी कधी ऐकली नव्हती, दिव्यांची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, संपलं. सगळ्यांसमोर पडला हा माणूस, आणि पाडला मी.

तेवढ्यात कोपऱ्यात पेपर खाली आला. भाऊजी मामांकडे बघत राहिले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा बोलले. चक्क दरडावून बोलले.

"बसा खाली! तुमच्या कटकटीत बावीस वर्षं हे एकच पान वाचतोय मी. ते तरी पूर्ण होऊ दे!"

हॉलमध्ये जो काही स्फोट झाला म्हणता! मामा मात्र हसले नाहीत. गंभीर चेहऱ्याने भाऊजींकडे चालत गेले, त्यांच्या हातातला पेपर अलगद काढून घेतला, नीट घडी घातली, सुटकेस उघडली. बावीस वर्षांत ती सुटकेस कुणी उघडलेली बघितली नव्हती. आत काहीच नव्हतं. त्यांनी पेपर आत ठेवला, सुटकेस बंद केली आणि म्हणाले, "असू द्या, गाडीत वाचतो."

आणि गेले. दारातून बाहेर, खरोखरचे.

भाऊजी तसेच बसून राहिले. दोन्ही हात पेपर धरल्यासारखे हवेत. मग त्यांनी ते रिकामे हात जरा खाली घेतले, दाराकडे बघितलं, आणि पुन्हा वर केले.

मी हसले. हसले म्हणजे काय, माझ्या पोटातून काहीतरी सुटलं. खांबाला धरलं, तरी उभं राहता येईना. पलीकडे तीनशे माणसं हसत होती, आणि हे हसू वाक्याच्या आधी आलेलं नव्हतं, नंतर आलं होतं. कुणाला पुढचं माहीत नव्हतं. कितीतरी जण डोळे पुसत होते, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

मामा सेटमागून फिरून माझ्याजवळ आले. घामाने मिशी पसरली होती. मॅडम लांबून लगबगीने येताना दिसल्या, हातात फाईल. मामांनी त्यांना हातानेच थांबवलं. "सही नाही," म्हणाले. "मिशी सरळ होती."

मग माझ्याकडे वळले. माझ्या तोंडाकडे नाही, डाव्या हाताकडे बघत होते. मी खाली पाहिलं. हसताना पेन्सिल एप्रनच्या बाहीवर टेकलेली राहिली होती. पांढऱ्या कापडावर मनगटापासून एक काळी रेघ निघाली होती, ती वेडीवाकडी उड्या मारत कोपरापर्यंत गेली होती.

मामांनी खिशातून चष्मा काढून लावला. माझा हात धरून दिव्याखाली नेला आणि रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने तपासली.

"वर गेलीय," ते म्हणाले. "मास्तरीण, फोटो काढ."

मी काढला. अल्बममधला शेवटचा फोटो तोच आहे.